माणूस बदलला, की गावाला खटकला?

संग्रामपूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्यांना विचारा, इथं ‘डोक्यावर परिणाम’ झालेले कोण कोण आहेत, तर दोन-चार नावं लगेच हाती येतील. एकटाच बडबडत फिरणारा एक. सासरी नांदायला ठाम नकार देऊन माहेरी राहिलेली एक. शहरातून शिकून आलेला, कुणाच्या लग्नाला न जाणारा आणि दिवसभर पुस्तकं वाचणारा एक. त्याच गावात मागच्या पोळ्यापासून धड न झोपलेला, दोन घास खाऊन ताट सारणारा, उधारीचा आकडा बायकोलाही न सांगणारा एखादा कास्तकार असतो. तो या यादीत नसतो. त्याच्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, ‘मोठा शांत माणूस आहे. कोणाच्या घेण्यात ना देण्यात.’

या यादीतली किमान दोन नावं चुकीची आहेत आणि एक राहून गेलं आहे. गाव माणसाला मोजतं ते तो इतरांना किती खटकतो यावरून. मानसशास्त्र आधी विचारतं की त्याचं स्वतःचं काय हरवत चाललं आहे. लेखात पुढे कसोट्या, कायदा, दवाखाना असं बरंच येईल, पण सगळं या एका फरकावर उभं आहे.

सर्वांत सोपी वाटणारी कसोटी संख्येची. बहुतेक लोक वागतात ते सामान्य, थोडे वागतात ते अपसामान्य. बुद्धिमापन चाचणीत सरासरी १०० धरतात. ७० च्या खाली शंभरात साधारण दोघं असतात आणि १३० च्या वरही साधारण दोघंच. दोन्ही सारखेच दुर्मीळ, पण १३० वाल्या पोराला कोणी दवाखान्यात नेत नाही, त्याचा सत्कार होतो. उलट ज्या गावात निम्मे बाप्ये रोज पितात किंवा सकाळी उठल्याबरोबर खर्रा लागतो, तिथं संख्येच्या हिशेबानं तेच सामान्य ठरतं. यकृताला हा हिशेब मान्य नसतो. म्हणून संख्या कामाची आहे, पण एकटी निकाल देऊ शकत नाही.

दुसरी कसोटी रीतीची. चारचौघांच्या रीतीबाहेर वागला की काहीतरी बिघडलं, असं आपण धरतो. आपल्या वऱ्हाडानं तरी हे जरा जपून म्हणावं. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना त्यांच्या काळातल्या अनेकांनी वेडं ठरवलं होतं. महानुभावांनी त्यांची जी लीळा लिहून ठेवली, तीत त्यांचं असं वागणं जराही लपवलेलं नाही. संग्रामपूरहून शेगाव काही लांब नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तिथं उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाणारा एक दिगंबर तरुण लोकांना दिसला, तेव्हा पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो पिसाच वाटला असणार. आज त्याच गावात गजानन महाराजांच्या दर्शनाची रांग असते. माझा मुद्दा श्रद्धेचा नाही. शतकांपूर्वीच्या माणसाचं निदान करायला कोणी बसू नये, तेही इथं करायचं नाही. एवढंच दिसतं की रीत मोडली म्हणजे मन मोडलं असं होत नाही.

मात्र याची उलटी चूकही आपल्याकडे सर्रास होते. केस वाढलेला, कपड्यांचं भान नसलेला कोणी फाट्यावर दिसला की त्याला ‘महाराज’ करून पायाशी नारळ ठेवायचा, पण अंगावरच्या जखमेला औषध लावायचं नाही. मुंबईच्या डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना रस्त्यावर नारळाच्या करवंटीतून गटाराचं पाणी पिणारा एक तरुण दिसला. उपचार झाले, तेव्हा तो आंध्रातला पदवीधर निघाला. पुढे १९८८ मध्ये त्यांनी ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू केली. अशा हजारो भटकणाऱ्यांना बरं करून तिनं घरी पोचवलं आणि त्या कामासाठी २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या हजारोंपैकी कितीजणांना वाटेत कोणीतरी हात जोडून पुढं गेलं असेल!

रीतीची कसोटी सत्तेच्या हाती गेली की आणखी वाईट. अमेरिकेत १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक नवा मानसिक आजार जडवला. पळण्याची इच्छा हाच आजार! समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं ती काढली १९९० मध्ये. शास्त्रालाही आपल्या काळाची रीत आणि निसर्गाचा नियम यांत घोळ करायची सवय होती, आणि ती पूर्ण गेली आहे असं समजू नये.

आपल्या देशाच्या कायद्यानं यातून धडा घेतला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की आजार आहे की नाही हे देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवरच ठरेल. माणसाची जात, धर्म, राजकीय मत, आर्थिक स्थिती किंवा समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चालीरीतींशी न जुळणं, यांवरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. ‘पोरगी जातीबाहेर लग्न करते म्हणते, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे कलम ३ वाचावं. मुलीचं डोकं जागेवर आहे. नाराज घरचे आहेत, आणि नाराजीवर गोळी नसते.

आता अंगात येण्याचं. चैत्रात, नवरात्रात, कुणाच्या घरच्या गोंधळात एखाद्या बाईच्या अंगात येतं. ती घुमते, केस मोकळे सोडते, आवाज बदलतो. मग हळदीकुंकू होतं, ती शांत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निंदायला जाते. १ जानेवारी २०२२ पासून जगात लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अंगात येण्याच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे, आणि तिच्यातच एक अट घातली आहे. हे येणं नकोसं, स्वतःच्या ताब्यात नसलेलं हवं, आणि समाजानं स्वीकारलेल्या धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा भाग नसावं. त्यामुळे नवरात्रातली घुमणारी बाई आजारी ठरत नाही. पण त्याच बाईला वेळीअवेळी, शेतात, चुलीपुढे, आठवड्यातून चारदा तसं व्हायला लागलं, तिला त्याची भीती वाटू लागली, लेकरं उपाशी राहू लागली, तर बाहेरून वागणं तेच दिसत असलं तरी प्रश्न वेगळा झाला. देव खरा की खोटा हा वाद तिथं घालू नका. तिची झोप, तिचं जेवण, तिचं काम आणि घरात तिच्यावर काय गुदरतंय एवढं विचारा. अनेकदा जे बोलायची सोय नसते ते अंगातून बोलतं.

संख्या आणि रीत बाजूला ठेवल्यावर मानसशास्त्रज्ञ तीन गोष्टींकडे पाहतात. त्या माणसाला यातना होतात का, त्याचा रोजचा व्यवहार अडतो का, आणि त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे का. धोक्याची चर्चा गावात सर्वांत जास्त होते आणि सर्वांत चुकीची होते. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कोणावर हात उचलत नाहीत. त्यांच्या हातून इजा झालीच तर ती बहुधा त्यांची स्वतःची होते. यातनेची कसोटी मोलाची, पण तिलाही अपवाद आहे. उन्मादाच्या झटक्यात माणसाला आपण जगातले सर्वांत सुखी आहोत असं वाटतं. तो रात्र रात्र जागतो, भराभर बोलतो, दोन एकर विकून हॉटेल टाकायला निघतो. त्याला त्रास काहीच नाही, घराचं मात्र दिवाळं. तिथं व्यवहाराची कसोटी कामाला येते.

जेरोम वेकफील्ड या अमेरिकी अभ्यासकानं १९९२ मध्ये यात एक भर घातली, ती मला आपल्या भागासाठी फार उपयोगाची वाटते. नुसतं नुकसान होतंय एवढ्यानं आजार होत नाही, मनाची एखादी यंत्रणा आपलं नेमून दिलेलं काम करण्यात चुकत असली पाहिजे, असं तो म्हणतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. नाल्यांनी पात्रं सोडली, गावांत पाणी शिरलं, उभं पीक मातीसकट वाहून गेलं. त्यानंतर कित्येक दिवस पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडणं, रात्री दोनदा उठून नाला पाहून येणं यात बिघडलेलं काही नाही. भीती आपलं काम चोख करत होती. अशा वेळी लोकांना लागते ती मदत, पंचनामा, धान्य, सोबत. मात्र पाणी ओसरून महिने झाले, ऊन पडलं, तरी माणूस घराबाहेर पडत नाही, डोळे मिटले की तोच लोंढा दिसतो, पोरांना शाळेत धाडायची हिंमत होत नाही, तर तिथं यंत्रणा अडकली आहे आणि उपचाराची गरज आहे.

मग घरात आपण नेमकं काय पाहायचं? शेजाऱ्याशी तुलना सोडा. माणसाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा. मुळातच अबोल असलेला अबोल राहिला तर काळजी नको. गप्पा मारणारा अबोल झाला तर दखल घ्या. झोप, भूक, अंघोळ-कपडे, कामातलं लक्ष, पैशाचा व्यवहार, लोकांत बसणं, बोलण्याचा सूर, यांतलं काय बदललं आणि कधीपासून बदललं हे कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका, घरातल्या पाच जणांच्या पाच आठवणी असतात.

काळ महत्त्वाचा आहे. उदासी, कशातच रस न वाटणं, झोप-भूक जाणं, आपण निकामी आहोत असं वाटणं हे दिवसातला बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे टिकलं तर त्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. दुःखाला मात्र घाई करू नये. घरातलं माणूस गेल्यावर तेराव्याला सगळं आवरलं पाहिजे अशी अपेक्षा शास्त्राचीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ, समाजाच्या रीतीपेक्षाही खूप जास्त आणि जगणं अडवणारं दुःख असेल तरच विकाराचा विचार होतो. अमेरिकी पद्धतीत तर मोठ्या माणसांसाठी वर्षभर थांबतात. म्हणजे आपलं वर्षश्राद्ध आणि त्यांचा नियम यांत फारसं अंतर नाही. पण या काळातही दुःखातला माणूस जिवाचं बरंवाईट बोलू लागला तर महिने मोजत बसू नका.

काही बदल असे की ते दिसले तर आधी शरीराकडे पाहायचं, आणि त्याच दिवशी. हा भाग कापून ठेवला तरी चालेल. आपला तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो, खाऱ्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार इथं जुनी आहे. अशा आजाराचा माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागला, दिवस की रात्र हे कळेना, मध्येच शुद्धीवर आणि मध्येच गुंगीत असं झालं, तर ते वेड नव्हे. रक्तात साचलेलं विष मेंदूपर्यंत गेलेलं असू शकतं. कपाशीवर फवारणी करून आल्यावर घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि बरळणं, हा विषबाधेचा प्रकार आहे. साखर एकदम उतरणं, मेंदूत गेलेला ताप यांतही माणूस भ्रमिष्ट वागतो. आणि रोज पिणाऱ्यानं अचानक दारू सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे-साप दिसतात, फिट येते. बायको म्हणते, सोडली तर देवानं वेड लावलं. देवाचा यात संबंध नाही. ही जिवावरची अवस्था आहे, दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई झोपेना, भलतंच बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर जुन्या बायका त्याला बाळंतवात म्हणतात आणि धुरी देतात. धुरी राहू द्या, बाळाला क्षणभरही एकट्या तिच्यापाशी ठेवू नका आणि तिला लगेच दवाखान्यात न्या. वेळेवर नेलेल्या बाया उपचारानं चांगल्या बऱ्या होतात. म्हाताऱ्या माणसाचं रोजची वाट विसरणं, आत्ता जेवल्याचं विसरणं हेही वयाच्या माथी मारून मोकळं होऊ नये. थायरॉईड, ब-१२ ची कमतरता अशी काही कारणं दुरुस्त करता येतात.

पुन्हा त्या शांत माणसाकडे येऊ, कारण तोच सर्वांत जास्त निसटतो. विदर्भातल्याच अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प तीस गावांत चालला. गावातलीच प्रशिक्षित माणसं घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलत. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे शंभरात चारच्या आसपास होते, प्रकल्पानंतर ते सत्तावीसवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लोक दवाखान्याच्या विरोधात नसतात हे त्यातून दिसतं. त्यांना कोणीतरी दारात येऊन विचारावं लागतं, एवढंच. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांसाठी राज्यानं ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला, त्यात बुलढाणाही आहे. घरी येणाऱ्या आशाताईला यासाठी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली शिकवलेली असते. ती आली की बाळाच्या लसीसोबत घरच्या कर्त्याबद्दलही तिच्याशी बोला.

त्या नऊतला शेवटचा प्रश्न जीव देण्याच्या विचाराबद्दल आहे, आणि तो विचारायला सगळे कचरतात. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. एकांतात, साध्या शब्दांत विचारा: ‘भाऊ, जगूच नये असं वाटते का कधी?’ उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नका, लेकराबाळांची शपथ घालू नका. ऐका, त्या रात्री एकटं सोडू नका, आणि घरातलं फवारणीचं औषध लगेच दुसऱ्याच्या घरी, कुलपात नेऊन ठेवा. बहुतेकदा असा विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळेत औषध हाताशी नसलं तर जीव वाचतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्यावर पोलीस केस होईल या भीतीनं दवाखाना टाळणारे अजून आहेत. २०१७ च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

दाखवायला कुठं न्यायचं? पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा वरवट बकालचं ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढं बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथून चालतो. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मानसोपचार विभाग आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस झालेला, औषध लिहू शकणारा डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतो, औषध देत नाही. दोघांचीही गरज पडू शकते.

आणि भगत, भुमका, सैलानी? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. होळीच्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांचे लोक ‘बाहेरचं’ उतरवायला येतात. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका लेखानं बंद होणार नाही, आणि घाबरलेल्या घराला तिथं धीर मिळतो हेही खरं. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ दोन्ही शेजारी ठेवायचा प्रयोग झाला. मुजावरच लोकांना डॉक्टरकडे पाठवू लागले. तेव्हा जायचं तर जा, पण गोळ्या बंद करून जाऊ नका आणि नंबर दवाखान्याचा आधी लावा. एक गोष्ट मात्र कुठल्याही श्रद्धेच्या नावानं चालणार नाही, ती म्हणजे साखळी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एर्वाडीला झोपड्यांना आग लागली आणि बांधून ठेवलेले मनोरुग्ण पळू न शकल्यानं जळून मेले. अठ्ठावीस गेले. २०१७ च्या कायद्यानं साखळदंडावर पूर्ण बंदी आहे. भूत उतरवण्यासाठी मारणं, बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. फाट्यावर बेवारस फिरणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कोणी दिसला तर ठाण्याला कळवा. त्याला कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे.

डॉक्टरांपुढे गेल्यावर ‘हा वेड्यासारखा करतो’ असं सांगू नका, त्यातून डॉक्टरला काही कळत नाही. ‘दिवाळीपासून रात्री दोन तास झोपतो, आठ दिवस अंघोळ नाही, शेजारी विष घालतील म्हणून विहिरीचं पाणी पीत नाही’ असं सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झाडपाल्याचं औषधही, पिशवीत घालून न्या. दारू-खर्रा लपवू नका. घराण्यात आधी कोणाला असं झालं होतं का ते आठवून जा. रुग्णाला डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या, बाईमाणूस असेल तर मुद्दाम. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. गुण आला म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका, अनेकांचा आजार तिथंच उलटतो.

बरं होऊन परत आलेल्या माणसाला गाव ‘तो येडा’ म्हणूनच ओळखत राहतं. सोयरीक मोडते, सातबाऱ्यावरून भाऊबंद कुरबुर करतात. २०१७ च्या कायद्यात याचंही उत्तर आहे. पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात भरती झाला, एवढ्यावरून आज किंवा उद्या तो आजारी आहे असं ठरवता येत नाही. आजाराचं निदान झालं म्हणजे तो कायद्यानं ‘मन ठिकाणावर नसलेला’ ठरला असंही नाही, त्यासाठी न्यायालयाचा निकाल लागतो. ग्रामसभेत कोणी असा विषय काढला तर कायद्याचं नाव आणि वर्ष सांगा, कलम ३ काढून वाचून दाखवा.